स्टेरॉइडसोबत मेटफॉर्मिन : साखर कधी मोजायची, गोळी कशी चढवायची आणि कधी थांबवायची

मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो : ‘सकाळी उपाशीपोटी साखर ९२ आली, मग डॉक्टरांनी ही शुगरची गोळी दिलीच कशाला?’ विचारणाऱ्याला आमवात असतो, दमा असतो, कुणाला पेम्फिगस (त्वचेवर फोड येणारा आजार), तर कुणाला कुष्ठरोगातली रिअॅक्शन. सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असते, ते साखर वाढवते, म्हणून त्याच चिठ्ठीवर खाली मेटफॉर्मिन ५०० ही शुगरची गोळी लिहिलेली असते. बरेच जण पहिली गोळी घेतात आणि दुसरी घरी ठेवून देतात. ती ९२ खरीच असते, पण मोजण्याची वेळ चुकलेली असते. त्याच माणसाची साखर त्याच दिवशी दुपारी चार वाजता २६० निघू शकते.

डॉक्टरांनी स्टेरॉइडबरोबर मेटफॉर्मिन दिले असेल, किंवा ते द्यावे का हे त्यांना विचारायचे असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गोळी किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. घरी काय करायचे, कोणत्या क्रमाने आणि कुठे चुकते, एवढे इथे सांगतो.

१. आधी आपले स्टेरॉइड ओळखा

कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा : औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, आणि किती दिवसांसाठी. हे चार आकडे नसतील तर पुढची एकही पायरी नीट जमत नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांचे मिलिग्रॅम एकमेकांशी थेट जुळत नाहीत. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे मेथिलप्रेडनिसोलोनचे ४, डेफ्लाझाकॉर्टचे साधारण ६, हायड्रोकॉर्टिसोनचे २० आणि डेक्सामेथासोनचे जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. ‘माझी गोळी फक्त ४ ची आहे, बारीकशी’ असे म्हणणारा माणूस डेक्सामेथासोन ४ घेत असेल, तर तो प्रेडनिसोलोनच्या २५ मिलिग्रॅमच्या पुढचा डोस घेतो आहे.

गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शनही काही दिवस साखर वाढवते. ते कागदावर लिहा. दुखण्यावर पुडी किंवा बिननावाच्या गोळ्या घेत असाल तर त्याही डॉक्टरांना दाखवा. सांधेदुखीच्या अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. घेणाऱ्याला ते माहीत नसते, म्हणून साखर का चढते आहे हे कुणालाच उमगत नाही.

तपासून पाहा : तुमचे स्टेरॉइड सकाळी एकदाच आहे, की दोन-तीन वेळा विभागून? याचे उत्तर चौथ्या पायरीला लागेल.

२. मेटफॉर्मिनकडून काय मागायचे, काय नाही

स्टेरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडते आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. भूक वाढते, पोटावर आणि चेहऱ्यावर चरबी चढते. मेटफॉर्मिन यकृताची साखर आवरते आणि इन्सुलिनचे काम सोपे करते, म्हणून ही जोडी तर्काला धरून आहे.

मधुमेह नसलेल्या, पण दीर्घकाळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्या ५३ रुग्णांवर लंडनमध्ये एक चाचणी झाली आणि ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना १२ आठवडे मेटफॉर्मिन दिले, काहींना नकली गोळी. पोटाच्या आतली चरबी आणि त्वचेखालची चरबी यांचे प्रमाण बदलेल, ही मुख्य अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. पण मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली, आणि न्यूमोनियासारखे गंभीर संसर्ग कमी दिसले. जुलाब मात्र त्यांच्यातच जास्त झाले. चाचणी छोटी आहे. तिच्या जोरावर स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येकाला मेटफॉर्मिन द्या असा नियम झालेला नाही. ज्यांची साखर आधीच सीमेवर आहे, वजन जास्त आहे, घरात मधुमेह आहे आणि स्टेरॉइड महिनोन्महिने चालणार आहे, त्यांनी डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढावा.

मेटफॉर्मिन धीम्या चालीचे आहे. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे किंवा थोडे जास्तच लागतात. साखर आजच ३५० असेल तर या गोळीच्या भरवशावर बसू नका, तिथे बहुधा इन्सुलिन लागते. पाच दिवसांच्या स्टेरॉइडसाठीही तिचा फारसा उपयोग नाही, कारण ती कामाला लागेपर्यंत कोर्स संपलेला असतो.

३. सुरू करण्याआधीच्या तपासण्या

• रक्तातले क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते त्याचा आकडा. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन घ्यायचेच नाही. ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून चालू असेल तर डोस निम्मा करतात. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), नेफ्रोटिक (लघवीतून प्रथिने गळण्याचा मूत्रपिंडाचा आजार) किंवा प्रत्यारोपण झालेल्या मूत्रपिंडासाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हा आकडा पाहिल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नये.

• एचबीए१सी, आणि सोबत हिमोग्लोबिन. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे तीन आठवड्यांच्या स्टेरॉइडने चढवलेली साखर त्यात पुरती उतरत नाही. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो. तरी सुरुवातीला करून ठेवाच. आपला मधुमेह स्टेरॉइडच्या आधीचा की नंतरचा, हे पुढे त्यावरूनच कळते.

• यकृताच्या तपासण्या, रक्तदाब, वजन आणि बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर. घेर मोजायला टेप लागतो, डॉक्टर लागत नाही. दर महिन्याला त्याच टेपने मोजा.

• बी१२, विशेषतः शाकाहारी लोकांनी आणि ज्यांना गोळी दीर्घकाळ चालणार आहे त्यांनी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी१२ घटते आणि पायाला मुंग्या येतात. घरचे लोक त्याला ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून देतात.

सावधान : रोजचे किंवा अधूनमधूनचे जास्त मद्यपान, हृदयाचा पंप अचानक कमकुवत झालेली अवस्था, यकृताचा गंभीर आजार, श्वासाची तीव्र धाप यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्यांनी विचारले नाही म्हणून लपवू नका.

४. साखर मोजायची वेळ

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून या पायरीवर थोडा वेळ थांबतो.

प्रेडनिसोलोन सकाळी आठला नाश्त्यानंतर घेतले की त्याचा साखरेवरचा जोर साधारण चार ते आठ तासांनी सर्वांत जास्त असतो. दुपारपासून रात्रीपर्यंत साखर चढलेली राहते. रात्रभर काही खाल्लेले नसते, औषधाचा जोरही उतरतो, आणि सकाळी उपाशीपोटी आकडा पुन्हा ९०-१०० वर येतो. लॅबवाला सकाळी सातला घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्ट चांगला येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

म्हणून :

स्टेरॉइड सकाळी एकदा असेल तर रोज दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, किंवा रात्रीच्या जेवणाच्या अगदी आधी मोजा. दिवसात एकदाच मोजणे परवडत असेल तर यांतली एक वेळ धरा आणि ती बदलू नका.

डेक्सामेथासोन असेल, किंवा प्रेडनिसोलोन दिवसातून दोन-तीनदा विभागून असेल, तर साखर दिवसभर आणि सकाळीही चढलेली असू शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि दुपारची, दोन्ही मोजा.

स्टेरॉइड सुरू झाले की पहिल्या एक-दोन दिवसांतच साखर चढू शकते. ‘महिन्याने रिपोर्ट काढू’ असे करू नका.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा चिरलेल्या, चहात साखर ढवळलेल्या हाताने टोचले तर मीटर २०-३० नव्हे, कधी शंभरानेही जास्त दाखवतो. स्पिरिटने पुसले असेल तर ते वाळू द्या. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचा, दुखते कमी. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख पाहा आणि डबी घट्ट बंद ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी पुढे भरवशाची राहत नाही.

वहीत चार रकाने आखा : तारीख, स्टेरॉइडचा डोस, मोजण्याची वेळ, आकडा. स्टेरॉइडचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो. तोच नसेल तर १८० वरून १४० वर आलेली साखर गोळीने उतरली की स्टेरॉइड कमी झाल्याने, हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

तपासून पाहा :
दुपारची किंवा संध्याकाळची साखर लागोपाठ दोन दिवस २०० च्या वर आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा.
३०० च्या वर आणि सोबत खूप तहान, वारंवार लघवी, जिभेला कोरड असेल तर त्याच दिवशी दाखवा.
मीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ आले, किंवा माणूस गुंगीत, बरळल्यासारखा वाटत असेल तर सरळ दवाखान्यात न्या. वयस्क माणसांत ही अवस्था जिवावर बेतते.

एक गोष्ट यातच सांगतो, कारण महाराष्ट्राने ती फार जवळून पाहिली आहे. २०२१ च्या कोविड लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण इथल्या दवाखान्यांत मोठ्या संख्येने आले. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड आणि न आवरलेली साखर ही जोडी होती. स्टेरॉइड चालू असताना चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे किंवा सूज, नाकातून काळपट खपली, एका डोळ्याची सूज किंवा दुहेरी दिसणे यांतले काहीही झाले तर तासही वाया घालवू नका.

५. गोळी चढवण्याचा क्रम

पहिला आठवडा : ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवताना किंवा जेवण संपताच.
दुसरा आठवडा : पोट ठीक असेल आणि डॉक्टरांनी तसे लिहिले असेल तर दोनदा.
त्यापुढे दर आठवड्याला ५०० ने, डॉक्टर सांगतील तिथपर्यंत. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आसपास बहुतेक जण थांबतात.

पहिल्याच दिवशी १००० ची गोळी घेतली की मळमळ, जुलाब, तोंडाला धातूची चव सुरू होते आणि चौथ्या दिवशी औषध बंद पडते. मेटफॉर्मिन सोडून दिलेल्या लोकांशी बोलताना मला बहुतेक वेळा हेच ऐकू येते : गोळी सोसली नाही, कारण ती फार भराभर चढवली.

रिकाम्या पोटी घेऊ नका. कोणत्या जेवणासोबत घ्यायची याचा फार काथ्याकूट नको. मेटफॉर्मिन तासातासाला काम करणारे औषध नाही, त्यामुळे ज्या जेवणानंतर पोटाला सोसते तेच धरा. स्टेरॉइडनेही जळजळ होत असल्यास सकाळी दोन्ही एकत्र घेण्यापेक्षा मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणाला ठेवणे अनेकांना सोपे जाते.

जुलाब थांबत नसतील तर एसआर किंवा ईआर लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी बदलून मागा. ती मोडून, चावून किंवा कुटून घ्यायची नाही. तिचे रिकामे कवच कधी शौचात तसेच दिसते. औषध आत गेलेले असते, घाबरू नका.

सावधान : शेजाऱ्याची ‘तीच’ गोळी आणू नका. पाकिटावर मेटफॉर्मिन मोठ्या अक्षरांत दिसते, पण नावापुढे जी, जीपी अशी अक्षरे असतील तर त्यात बहुधा ग्लिमेपिराइडही असते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाते. सकाळी ९२ असलेल्या माणसाने ती रात्री घेतली तर पहाटे घाम, थरथर आणि बेशुद्धी येऊ शकते. पाकीट उलटे करून खालची बारीक अक्षरे वाचा, किंवा काउंटरवर आम्हाला वाचायला लावा. ते आमचे कामच आहे.

६. खाणे

स्टेरॉइडची भूक खोटी नसते, ती खरोखर लागते. म्हणून ‘मन मारा’ असे सांगून भागत नाही, ताट बदलावे लागते. दुपारी तीन ते सहा या वेळेत साखर चढलेली असते, आणि आपल्या घरांत नेमकी तीच चहा-बिस्किटांची वेळ. तिथे बिनसाखरेचा चहा आणि मूठभर फुटाणे, काकडी किंवा उकडलेले अंडे ठेवा. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती मोजून खायची वस्तू आहे. तीन भाकऱ्यांवर मेटफॉर्मिनचा उतारा नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी हा साखर चढवण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्या दिवशी स्टेरॉइड चुकवू नका.

७. आजारी पडल्यावर : एक गोळी थांबते, दुसरी थांबत नाही

ही पायरी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा, कारण तुम्ही तापाने पडलेले असाल तेव्हा गोळ्या तेच देणार आहेत.

उलट्या, जुलाब, जोराचा ताप, अंगातले पाणी कमी होणे, श्वास लागणे यांपैकी काही झाले तर मेटफॉर्मिन थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. पाणी कमी झाले की मूत्रपिंड मंदावते, औषध साचते, आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. तो क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. धाप लागणे, अंग गळून जाणे, पोट दुखणे, अंग थंड पडणे ही त्याची लक्षणे. नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी गोळी पुन्हा सुरू करता येते.

स्टेरॉइड थांबवायचे नाही. साधारण तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे अंगात तयार होणारे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायचे कमी करते, आणि आजारपणात त्याची गरज तर वाढलेली असते. अशा वेळी गोळी बंद झाली तर रक्तदाब कोसळू शकतो. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे लागते. ‘जुलाब होताहेत म्हणून सगळ्याच गोळ्या बंद केल्या’ हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

याशिवाय मेटफॉर्मिनबद्दल दोन ठिकाणी आधीच विचारा : रंगद्रव्य टोचून काढायचा सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी, आणि भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया. मूत्रपिंड कमजोर असेल तर स्कॅनच्या वेळी गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा देतात. स्कॅनच्या फॉर्मवर मेटफॉर्मिन घेत असल्याचे लिहा.

८. स्टेरॉइड उतरताना

डॉक्टर ४० वरून ३०, ३० वरून २० असे उतरवतात तसतशी साखरही खाली येते, आणि साखरेची औषधे जुन्याच डोसवर राहिली तर ती जास्त होतात. एकट्या मेटफॉर्मिनवर असाल तर भीती कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड सोबत असेल तर स्टेरॉइडचा डोस उतरण्याच्या दिवशीच विचारा : ‘साखरेचे औषध किती कमी करू?’ सहसा आधी इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड कमी होतात, मेटफॉर्मिन शेवटी.

या काळात मोजणे वाढवा, कमी करू नका. प्रत्येक उतरत्या डोसनंतर पहिले तीन-चार दिवस दुपारच्या आकड्यासोबत सकाळचाही घ्या. ७० च्या खाली आला किंवा घाम-थरथर झाली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

साखर वाढते म्हणून स्टेरॉइड स्वतःच्या मनाने उतरवू नका. आमवात किंवा दमा उसळला तर आधीपेक्षा मोठ्या डोसने सुरुवात होते, आणि साखरही पुन्हा तिथूनच चढते.

९. स्टेरॉइड संपल्यानंतर

मेटफॉर्मिन त्याच दिवशी बंद करायचे की काही आठवडे चालू ठेवायचे, हे तुमच्या वहीतल्या शेवटच्या पंधरा दिवसांच्या आकड्यांवर ठरते. ती वही घेऊनच जा. त्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, त्याआधी केला तर स्टेरॉइडच्या दिवसांची साखर त्यात मिसळलेली असते. तो ६.५ किंवा जास्त असेल, किंवा उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त असेल, तर लक्षणे नसतानाही एकदा पुन्हा तपासून घ्या. दोन्ही वेळा तसेच आले तर मधुमेह राहिला आहे, आणि उपचार चालूच ठेवायचे आहेत. सगळे ठीक आले तरी वर्षातून एकदा तपासा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : ‘स्टेरॉइडने साखर चढते.’ पुढच्या वेळी दम्याच्या झटक्यात रात्री दोन वाजता तुम्हाला दवाखान्यात नेतील तेव्हा हे सांगायला तुम्हाला श्वास पुरणार नाही.